पुरीएवढी भाकरी

शहापूर,
४ डिसेंबर २०२३

ललिता,

पत्नीला पत्र लिहिताना 'अनेक उत्तम आशीर्वाद' असा मायना लिहावा, असं मी अठ्ठावीस वर्षं आठवीच्या मुलांना सांगत आलो. आज स्वतःवर वेळ आली तेव्हा लक्षात आलं, आशीर्वाद देणाऱ्याकडे आधी काहीतरी असावं लागतं. माझ्याकडे सध्या एक शेगडी, एक तवा आणि एक शंका आहे. शंका तेवढी पाठवतो.

तांदळाच्या भाकरीची उकड काढताना वाटीभर पिठाला पाणी किती?

हसू नकोस. किंवा हस, मला थोडंच दिसणार आहे. तू फोन उचलत नाहीस, तो तुझा अधिकार. दिनेशने तर सप्टेंबरातच धसईहून सांगून टाकलं, "दाजी, आता फोन करू नका. ताई बोलायची नाय." सख्खा मेहुणा इतक्या कमी शब्दांत बोलला की समजावं, घरात आधी पुष्कळ बोलणं झालेलं आहे. आपल्याला मूल असतं तर ते एव्हाना धसई-शहापूर निरोप पोचवत फिरलं असतं. ते नाही, म्हणून पोस्टखातं.

तर मी भाकरी शिकतो आहे. का, ते विचारू नकोस. पन्नाशीनंतर माणसाला छंद लागतात. कुणी गुलाब लावतो, कुणी स्वतःच्या गुडघ्यांवर व्याख्यानं देतो. मी भाकरी धरली. शिकवायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. संस्कृतच्या तासाला पहिल्याच दिवशी सगळं कोष्टक फळ्यावर काढलं की वर्ग बिचकतो. म्हणून एक दिवस, एक रूप. पोरगं म्हणतं, एवढंच? आणि तेच पोरगं मार्चात न अडखळता अख्खा शब्द चालवतं. तीच पद्धत इथे लावली आहे. पहिला आठवडा फक्त पाणी. पातेलं ठेवायचं, मीठ टाकायचं, आधण आलं की गॅस बंद करून शाळेत जायचं. आज चौथा दिवस. पाणी मला उत्तम येतं.

आई बरी आहे.

अनंता


१७ डिसेंबर

ललिता,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत मी सध्या राहतो.

प्रमाण शेवटी जनाने सांगितलं. मागच्या कुंपणावर तुम्हा दोघींची जी संसद भरायची ती बंद पडल्यापासून ती माझ्याशी फारशी बोलत नव्हती. पण मी रोज सकाळी पाणी उकळून मोरीत ओततो, हे तिने तिच्या दारातून पाहिलं आणि तिला राहवेना.

"गुरुजी, काय चाललंय ह्ये?"

"भाकरी शिकतोय."

"पानी वतून?"

"आधी पाणी. मग पीठ. एकेक करत जायचं."

"आठवडाभर पानी! भाकर करताव का यग्न मांडलाव?" मग कुंपणावर हात टेकून म्हणाली, "जेवडं पानी तेवडं पीठ. वाटीला वाटी. आन जास्त इचार करू नका, उकड गार होती."

दुसऱ्या आठवड्याला पीठ. आपल्या डब्यातलं संपलं होतं, म्हणून गावचे तांदूळ घेऊन पंढरीच्या गिरणीवर गेलो. तिथे सात-आठ बायका डबे घेऊन बसल्या होत्या. गिरणी मोकळीच दिसली, म्हटलं यांना घाई नसावी. मी पुढे होऊन डबा दिला, पंढरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण मी त्याच्या मुलाचा वर्गशिक्षक. टाकलं त्याने.

डबा हातात घेतला तर पीठ गुलाबी. एक बाई म्हणाली, "गुरुजी, कशावर टाकलंत?"

"म्हणजे?"

"अवो, आत्ता नाचनी दळून झाली की! आमी काय हवा खाया बसलोय का हितं? कोनतरी तांदूळवाली यायची वाट बघत व्हतो. पयला घाणा तिचा जाईल, मंग आमचा पांढरा."

दुसरी म्हणाली, "आता गुरुजींचे तांदूळ झाले. चला गो, टाका आपापले." आणि सगळ्या उठल्या. माझा डबा त्यांची गिरणी धुऊन गेला. तिसरीने विचारलं, "वयनी नाय का घरी? तिला इचारायचं नाय का?"

भावाकडे काम निघालंय, येईल चार दिवसांत, असं मी सांगितलं. हे चार दिवस आता चौथ्या महिन्यात आहेत.

सव्वीस वर्षं आपल्या डब्यात पांढरं पीठ येत होतं. तू तिथे किती वेळ बसत होतीस, कुणाच्या तांदळाची वाट पाहत होतीस, हे मी कधी विचारलं नाही. मी पीठ स्वयंभू समजत होतो.

भाकरी विटेच्या रंगाची झाली. विटेचे बाकी गुणही आले.

आणखी एक शंका. थापताना कडा फुटतात. तुझ्या कधीच फुटल्या नाहीत, की फुटलेल्या तू तुझ्या ताटात घ्यायचीस?

अनंता


७ जानेवारी २०२४

ललिता,

पहिल्या पत्रात 'आई बरी आहे' असं लिहिलं होतं. ते खोटं आहे.

नवरात्रात, आठव्या माळेला, ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वय एक्क्याऐंशी, शस्त्रक्रिया झेपायची नाही. तेव्हापासून ती खाटेवर आहे. दिवसा मी शाळेत असतो तेव्हा जना येऊन बसते.

हाडापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. पडल्यापासून तिचे दिवस एकमेकांत कालवले गेले आहेत. तिच्या लेखी तू गेलेलीच नाहीस. तू आत आहेस, चुलीपाशी. भांडं वाजलं की म्हणते, "लली, हळू गो." पहिल्या दिवशी मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "हो, आत आहे ती." तिसऱ्या दिवसापासून मला तसं म्हणायची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही बरं वाटू लागलं.

तिचं खाणं तुला माहीत आहे. तोंडात दात नाहीत. भाकरीचा वरचा पापुद्रा तू सोडवून दुधात भिजवून द्यायचीस, तेवढंच तिचं जेवण. मी कचेरीजवळच्या बाईकडून भाकऱ्या आणल्या. तिने एक घास घोळवला आणि वाटी सरकवली. "ही ललीची नाय. ललीला सांग, बाजारच्या नको आनूस." दुसरीकडून आणल्या. तेच. मग मी ठरवलं की घरात करायची. थापल्याचा आवाज तिच्या कानावर गेला, भाजल्याचा वास गेला, तर ती तुझी समजून खाईल.

हा माझा छंद.

अडचण अशी की भाकरी फुगली तरच पापुद्रा सुटतो. माझी फुगत नाही. ती तव्यावर पडून राहते आणि माझ्याकडे बघते. आई पेजेवर आहे, आणि पेजेची वाटीही दर आठवड्याला थोडी उरू लागली आहे. तिचा दंड आता माझ्या मुठीत मावतो.

हे तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. आईचं नाव घातलं असतं तर तू ऑक्टोबरातच आली असतीस, म्हणून मी कळवलं नाही. वाचायला हे मोठं उदात्त वाटतं. खरं कारण त्याच्या एक थर खाली आहे. तू आली असतीस तर आईने विचारलं असतं, कुठं गेली व्हतीस गो, का गेली व्हतीस? आणि तू खोटं बोलत नाहीस.

अनंता


२८ जानेवारी

ललिता,

जनाने काल माझी भाकरी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली, क्ष-किरण पाहावा तशी.

"मधी जाड, कडंला पातळ. फुगंल कशी? मोठी करायचा हट कशाला? आदी पुरीएवडी करा."

"पुरीएवढी भाकरी कोण खातं?"

"म्हातारी खाती केवडी?"

दोन महिने मी तुझ्या मापाची भाकरी करायला धडपडत होतो. खाणारीला लागत होती तळहाताएवढी. हे गणित न शिकलेल्या जनाला सुटलं.

आज पुरीएवढ्या पाच केल्या. चार नेहमीसारख्या रुसल्या. पाचवीला एका बाजूने लिंबाएवढा फुगा आला, धरला, आणि बसला. मी टाळी वाजवली. आईने बाहेरून विचारलं, "काय झालं गो?" मी म्हणालो, काही नाही.

मग त्या पाच भाकऱ्या ताटलीत मांडून बसलो आणि आकडा लक्षात आला.

तूही पाचांपासूनच सुरुवात केली होतीस. गेल्या वर्षी, जुलैत. हायवेवरच्या विनोदशेठच्या ढाब्यावर रोज पाच भाकऱ्या. तू म्हणाली होतीस, "आधी पाच. जमलं तर दहा. मग वर्षा-दोन वर्षांनी बघू, शहापुरात छोटी खानावळ." मी म्हणालो होतो, "अन्नछत्राच्या उद्घाटनाला पाहुणा कोण?" तू हसलीस. मला वाटायचं, माझ्या थट्टेला तू हसतेस म्हणजे ती लागत नाही.

डबा मीच शाळेत जाताना स्कूटरवरून पोचवायचो. वीस दिवस झाले असतील. स्टाफरूममध्ये आमचे क्रीडाशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, परवा ढाब्यावर वहिनींच्या हातची भाकरी खाल्ली. काय हात आहे हो!" त्यांनी कौतुक केलं होतं. मला ऐकू आलं ते असं की गुरुजींची बायको ढाब्यावर भाकऱ्या विकते. दुसऱ्या दिवशी मी विनोदशेठला सांगितलं, मिसेसची तब्येत बरी नाही, आजपासून नको.

तुला मात्र 'बंद कर' म्हणालो नाही. मी सुधारक माणूस. बायकोला मनाई करणारा नवरा व्हायची मला लाज वाटत होती. तू होऊन सोडावंस, अशी माझी योजना. म्हणून तू पहाटे उठून केलेला डबा मी रोज घेऊन निघायचो, दिवसभर शाळेच्या कपाटात ठेवायचो आणि संध्याकाळी परत आणायचो. "परत दिल्या. जाड आहेत म्हणतो." तू पातळ केल्यास. "मीठ कमी म्हणतो." तू मीठ वाढवलंस. "कडा कोरड्या." "गार झाल्यावर वातड होतात." अठ्ठावीस वर्षं वह्या तपासतो आहे मी, ललिता. चूक काढायला मला चूक लागत नाही.

अकरा दिवस. माझी अपेक्षा होती की तिसऱ्या दिवशी तू कंटाळशील. तू रोज आणखी चांगली भाकरी करत गेलीस. अकराव्या दिवशीची तर इतकी पातळ होती की फडक्यातून दिसावा तसा तिच्यातून उजेड दिसत होता. त्या परत आलेल्या भाकऱ्या रात्री आपण तिघं जेवायचो. आई म्हणायची, "ह्या परत देतो म्हंजे त्या मेल्याच्या तोंडाला चव नाय." तो मेला तिच्यासमोरच बसून जेवत होता, माझ्याच तोंडाने.

मग बाजारात विनोदशेठने तुला विचारलं, "वहिनी, बरी झाली का तब्येत?"

हे सगळं तुला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तू घरी येऊन एकच विचारलं होतंस, "खरं का?" आणि मी म्हणालो होतो, "तुझ्या तब्येतीचाच विचार करून…" तू वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. बरं केलंस. त्याचा शेवट मलाही माहीत नव्हता.

अनंता


२५ फेब्रुवारी

ललिता,

फुगली.

गुरुवारी सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी. पुरीएवढीच, पण सगळीच्या सगळी, कुठूनही वाफ न जाता. मी चिमटा हातात धरून तसाच उभा राहिलो, त्यामुळे खालची बाजू जळली. वरचा पापुद्रा अख्खा निघाला. दुधात भिजवून वाटी आईपुढे नेली. तिने घास घेतला, बराच वेळ घोळवला. मी परीक्षेच्या निकालाला इतका कधी घाबरलो नव्हतो.

"आज जाड झाली गो लली," ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली. आणि दुसरा घास घेतला.

शुक्रवारी दोन पापुद्रे. शनिवारी दोन आणि थोडी डाळ. आज रविवार, तीन. जना म्हणाली, "गुरुजी, लई झालं, आता दुकान टाका," आणि मग तिच्याच लक्षात आलं की हे वाक्य या घरात म्हणायचं नसतं. दोघंही दुसरीकडे बघू लागलो.

माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड आले आहेत. उकड गरम असतानाच मळावी लागते, हे मी ज्ञान म्हणून कधीच ऐकलेलं होतं.

मी सुखी आहे असं लिहिणार होतो. तो शब्द कुणाच्या जागेवर बसून लिहितोय ते आठवलं. खोडतो.

अनंता


६ मार्च

ललिता,

रविवारी आई म्हणाली, "लली, कामं ठेव गो. जरा बस माझ्यापाशी."

मी आत गेलो, भांडी वाजवली. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाजात विनवणी होती. माझी आई कुणाची विनवणी करत नाही, तुला माहीत आहे. मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसलो. तिने माझा हात घेतला आणि बोटं चाचपली. फोडांवर तिचं बोट थांबलं.

"ह्ये काय रे, अनंता?"

कितीतरी महिन्यांनी तिने मला नावाने ओळखलं. डोळे अगदी स्वच्छ होते.

"भाजलं."

"भाकर तू करतोस?"

"हो."

"लली कुठं हाय?"

आत आहे, हे मला म्हणता आलं असतं. सवय होती. पण तिने हात सोडला नव्हता. मी म्हणालो, "धसईला. सहा महिने झाले."

"का गेली?"

मी सांगितलं. ढाबा, डबा, कपाट, सगळं. संस्कृतातलं एकही विशेषण न लावता. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजे त्या भाकरी तूच परत आनत व्हतास?"

"हो."

"आन ती रोज करत व्हती?"

"हो. अकरा दिवस."

तिने हात काढून घेतला आणि छातीवर ठेवला. दुपारी मी वाटी नेली. त्या दिवशीची भाकरी आजवरची सगळ्यात चांगली होती, हे मी तुला शपथेवर सांगतो. तिने तोंड भिंतीकडे केलं.

"ठेव."

ठेवली. संध्याकाळी तशीच उचलली. सोमवारी तेच, काल तेच, आज तेच. मी समजावलं, रागावलो, आजारी माणसाशी बोलतात तसं लाडीगोडीने बोललो. एकदा तर पाया पडलो. ती मला काहीच बोलत नाही, शिवी दिली असती तरी चाललं असतं. जनाच्या हातून चार चमचे पेज घेते. माझ्या हातून पाणीसुद्धा नाही.

तिची समज गेली, असं डॉक्टर म्हणतात. मला वाटतं, परत आली.

जानेवारीत लिहिलं होतं, बोलावत नाही; तू तो शब्द पाळलास. आता बोलावतो. आईसाठी ये. मी दिवसभर शाळेत असेन, संध्याकाळी जनाच्या ओटीवर बसेन. तुला माझं तोंड दिसणार नाही. तिला तुझ्या हातची पुरीएवढी भाकरी पुरेल.

अनंता


१४ एप्रिल

ललिता,

हे शेवटचं. यात दोन गोष्टी आहेत, दोन्ही छोट्या.

पहिली. मागचं पत्र ६ मार्चचं आहे. पेटीत पडलं ९ मार्चला. तीन दिवस ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. रोज शाळेत जाताना पोस्टावरून गेलो. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या आई खाईल, कशाला बोलवा. दुसऱ्या दिवशी वाटलं, तू आलीस तर दोघी मिळून माझ्याकडे पाहाल. तिसऱ्या दिवशी काहीच वाटलं नाही, नुसताच पुढे गेलो, आणि संध्याकाळी घरी आलो तर जना म्हणाली, "आज पेज घशात अडकली." तेव्हा धावत जाऊन टाकलं. दिनेशला फोन करता आला असता. त्याने उचलला असता, मला वाटतं. पत्र सावकाश जातं, म्हणूनच मी डिसेंबरपासून पत्राच्या मागे लपलो होतो.

दहा तारखेला तिचं गिळणं थांबलं. बाराला तू आलीस, पहिल्या गाडीने, फडक्यात भाकरी बांधून. आईने तुला ओळखलं. "आली?" म्हणाली. तू पापुद्रा दुधात भिजवून तिच्या ओठांना लावलास. तिने तोंड उघडलं. माझ्यासाठी नऊ दिवस न उघडलेलं तोंड. पण आत काही जाईना. दूध गालावरून उशीत उतरलं, तू पदराने पुसलंस, पुन्हा लावलंस. मी शब्द दिल्याप्रमाणे जनाच्या ओटीवर असायला हवं होतं. मी दारात होतो.

पत्र सहालाच टाकलं असतं आणि तू नऊला आली असतीस, तर तिने चार घास खाल्ले असते. ऑक्टोबरातच कळवलं असतं तर कदाचित महिनोन्महिने. हे मला कुणी म्हणालं नाही, तूही नाही. तीन दिवस तू माझ्याशी बोललीस ते जनामार्फत. "जना, गुरुजींना सांग, दूध तापवायला ठेवा." मी दोन हात अंतरावर उभा असायचो. जना माझ्याकडे वळून म्हणायची, "गुरुजी, दूध." मी ठेवायचो. पंधराला आई गेली. तू तिला न्हाऊ घातलंस, केसांना तेल लावून वेणी घातलीस, जशी ती दर शनिवारी तुझ्याकडून घालून घ्यायची. राख सावडली आणि दुपारच्या गाडीने गेलीस. पायऱ्या उतरताना चपलेचा पट्टा नीट करायला थांबलीस. मला वाटलं, काही बोलशील. पट्टाच होता.

दुसरी गोष्ट. परवा, शुक्रवारी, मी धसईला आलो होतो. बाजाराचा दिवस. लांबून पाहायचं आणि मुरबाडच्या गाडीने परतायचं, एवढंच ठरवलं होतं. एसटीच्या थांब्यालगत तुझं पत्र्याचं छप्पर दिसलं. दोन तवे. थापायला आणखी एक बाई. पुढे भाजीवाले, हमाल, गाडीचा कंडक्टर, दहा-बारा माणसांची रांग. मी त्या रांगेत कसा उभा राहिलो, मला सांगता येणार नाही. पाय आपोआप गेले. मागचा एक जण म्हणाला, "ओ मास्तर, सरका ना फुडं, गाडी सुटंल माझी." सरकलो.

तुझ्यासमोर आलो तेव्हा तयारी सगळ्याची होती. तू हाकलशील, तू आत निघून जाशील, तू चार माणसांत मला सुनावशील. सगळ्याला उत्तर म्हणून मी मान खाली घालायचं ठरवलं होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "किती?"

"दोन."

"रस्सा पाहिजे?"

"नको."

कागदात बांधून दिल्यास. मी नोट पुढे केली. "सुटे द्या," म्हणालीस, आणि माझ्या खांद्यावरून मागच्याला विचारलंस, "तुमाला किती?"

मुरबाडच्या गाडीत खिडकीशी बसून मी दोन्ही खाल्ल्या. कोरड्याच.

ललिता, भाकरी फार चांगली होती. हे वाक्य सव्वीस वर्षांत मी तुला एकदाही म्हटलं नाही. म्हणून लिहून पाठवतो. पत्र आजच टाकतो आहे.

अनंता